गोमंतकातील चर्चचे समूहगान

संगीताला देश नसतो, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सभासमारंभात हे वाक्य शोभून दिसते. इतिहासाच्या कसोटीस मात्र ते उतरत नाही. गाणे एका देशातून दुसऱ्या देशात वाऱ्यावर उडून जात नाही. ते कोणीतरी कोणास तरी शिकविलेले असते, शिकविणाऱ्याचे वेतन कोणीतरी दिलेले असते, आणि पुष्कळदा शिकणाऱ्यास त्यापायी आपले स्वतःचे गाणे सोडावे लागलेले असते. ह्या तिन्ही गोष्टींचा हिशेब मांडल्याशिवाय संगीताच्या प्रवासाची कथा पुरी होत नाही. तिचे एक ठळक उदाहरण आपल्या अगदी शेजारी, गोमंतकात, घडून गेले. युरोपच्या पुनरुज्जीवनकाळातील चर्चचे समूहगान सोळाव्या शतकात तेथे आले, खेड्यापाड्यांतील माणसांच्या गळ्यात उतरले आणि शतकानुशतके नांदले. मराठी संगीताच्या इतिहासग्रंथांत मात्र त्यास क्वचितच चार ओळी मिळतात. अमरावती-अकोल्याकडील वाचकांस हा विषय दूरचा वाटेल. परंतु तो वाटतो तितका दूरचा नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रथम हे गान म्हणजे काय, ते पाहू. आपल्या वऱ्हाडात समूहाने गाणे काही नवे नाही. वारकऱ्यांच्या भजनात एकाने चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा, ही रीत आहे. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांनी रूढ केलेल्या सामुदायिक प्रार्थनेत शेकडो कंठ एक होतात. पण ह्या सर्व प्रकारांत कंठ अनेक असले तरी चाल एकच असते. पुनरुज्जीवनकाळच्या चर्चसंगीतात तसे नसते. तेथे चार, पाच, प्रसंगी आठ निरनिराळ्या चाली एकाच वेळी चालू असतात. उंच स्वरात मुले गातात, खाली खर्जात प्रौढ पुरुष गातात, मध्ये आणखी दोन थर असतात. एका थराने एक स्वरवाक्य सुरू करावे, ते पुरे होण्यापूर्वीच दुसऱ्याने तेच वाक्य निराळ्या उंचीवर उचलावे, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. आणि तरीही प्रत्येक क्षणी एकत्र वाजणारे स्वर परस्परांशी मिळावेत, अशी ही योजना असते.

आषाढीच्या वाटेवर चार दिंड्या जवळजवळ आल्या म्हणजे प्रत्येकीचा अभंग निराळा असतो आणि कानावर एक मिश्र नाद येतो. तो नाद योगायोगाचा असतो. कोणी कुशल रचनाकाराने ह्या चारही दिंड्यांचे अभंग असे बांधले की, पावलोपावली त्यांचे स्वर एकमेकांस पोषक व्हावेत, तर जे होईल त्याची कल्पना करावी, म्हणजे ह्या संगीताचे मर्म ध्यानात येईल. संवादी स्वरांची कल्पना भरतापासून आपल्या शास्त्रकारांसही परिचित आहे. परंतु आपण तो संवाद एकामागून एक येणाऱ्या स्वरांत शोधला, युरोपीयांनी तो एकाच वेळी उठणाऱ्या स्वरांतही शोधला. आपला गवई तंबोऱ्याच्या अचल षड्जावर एका रागाचा विस्तार करितो. त्यांच्या गायकवृंदात अचल असे काहीच नसते, सर्वांनी एकमेकांस सांभाळून चालावयाचे असते.

हे संगीत मिस्सा नावाच्या उपासनेसाठी रचले जाई. कीरीए, ग्लोरिया, क्रेडो, सांक्तुस आणि आग्नुस देई ही तिची पाच ठरीव अंगे. शब्द तेच, स्वररचना मात्र प्रत्येक रचनाकाराची निराळी. इटलीत पालेस्त्रिना, स्पेनमध्ये व्हिक्टोरिया, म्यूनिकच्या दरबारी लासुस आणि इंग्लंडात बर्ड हे सोळाव्या शतकातील ह्या कलेचे अग्रणी होत. १५०१ साली व्हेनिस येथे पेत्रुच्ची नामक मुद्रकाने अनेकस्वरी संगीत प्रथम छापून काढले आणि तेव्हापासून स्वरलिपीची पुस्तके सर्वत्र फिरू लागली. पुढे चाली इतक्या गुंतागुंतीच्या झाल्या की, प्रार्थनेचे शब्दच कळेनासे झाले. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६२ साली चर्चमधील संगीतातून जे अमंगल व विलासी असेल ते वर्ज्य करावे असे ठरविले. पालेस्त्रिनाच्या एका मिस्सामुळे ही कला बंदीतून वाचली, अशी आख्यायिका पुष्कळ दिवस प्रचलित होती. विद्वान तिच्यावर आता विश्वास ठेवीत नाहीत. तथापि १५६७ साली प्रसिद्ध झालेली ती रचना, शब्द स्पष्ट राखूनही सहा कंठांचे वैभव कसे टिकविता येते, ह्याचा नमुना म्हणून मानली गेली, हे खरे आहे.

त्याच १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. ट्रेंटचे ठराव पूर्वेकडे अमलात आणावे, हा तिचा उद्देश होता. ज्या वर्षी रोममध्ये एका संगीतरचनेची पुस्तके छापली गेली, त्याच वर्षी साष्टीत देवळे पाडली जात होती. हा योग आम्ही मुद्दाम नमूद करितो. कारण गोव्यातील चर्चसंगीताचा इतिहास ह्या दोन घटनांच्या मध्ये उभा आहे.

१५१० साली आल्बुकेर्कने गोवे घेतले. पुढील तीस वर्षांत तिसवाडीतील देवळे नाहीशी झाली आणि १५४१ साली त्यांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या कार्याकडे वळविण्यात आले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या व पुढे संत पावलाच्या नावाने प्रसिद्धीस आलेल्या विद्यालयास ह्या उत्पन्नाचा आधार मिळाला. ह्याचा अर्थ वाचकांनी नीट पाहावा. देवळाची जमीन म्हणजे केवळ पुजाऱ्याचा निर्वाह नव्हे. चौघडा वाजविणारा, भजन करणारा, देवापुढे गाणारी कलावंतीण ह्या सर्वांचे पोट तिच्यावर चाले. ज्या उत्पन्नावर एक संगीत जगत होते, त्याच उत्पन्नावर दुसरे संगीत उभे राहिले. देवांचे भक्त मूर्ती घेऊन नदीपार गेले. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. फोंड्याचा तो मुलूख त्या वेळी विजापूरकरांचा होता. अशा रीतीने एकाच गोमंतकाची दोन संगीते झाली. जुवारीच्या एका बाजूस लॅटिन मिस्सा, दुसऱ्या बाजूस देवळातील चौघडा व कीर्तन. ज्या मंगेशीने पुढे दीनानाथ मंगेशकरांसारखा गायक दिला, तिची ही पूर्वपीठिका विसरून चालणार नाही.

१५४२ साली फ्रान्सिस झेवियर गोव्यास आला. हातात घंटा घेऊन तो रस्त्याने फिरे, मुले गोळा करी आणि धर्माची मूलतत्त्वे चालीवर म्हणवून घेई. जे सांगून पटत नाही ते गाऊन गळी उतरते, ही गोष्ट आपल्या कीर्तनकारांस सांगावयास नको. वास्तविक जेसुइटांच्या पंथनियमांत समूहाने स्तोत्रे गाण्याचे बंधन नव्हते; प्रवचन, अध्यापन व प्रवास ह्यांत त्यामुळे खंड पडतो, असे त्यांच्या संस्थापकाचे मत होते. परंतु ह्या देशातील लोक संगीताने ओढले जातात असे दिसल्यावर व्यवहाराने नियमास मुरड घातली. प्रत्येक चर्चला जोडून शाळा निघाली. तीत अक्षरांबरोबर स्वरही शिकविले जात. शिक्षकास मेस्त्र म्हणत. तोच रविवारी गायकवृंदाचा प्रमुख असे. स्वरलिपी वाचता येणे ही गोष्ट गोव्याच्या खेड्यातील मुलास अशा रीतीने सोळाव्या-सतराव्या शतकातच साध्य झाली. आपल्याकडे पलुसकर व भातखंडे ह्यांनी स्वरलेखनाचा प्रसार केला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या शाळांचे महत्त्व कळते.

हे शिक्षण कितपत मुरले होते, ह्याचा पुरावा एका परक्याच्या लेखणीतून मिळतो. सेबास्तियानी नावाचा एक इटालियन कार्मेली धर्मगुरू मलबारातील ख्रिस्ती लोकांच्या तंट्याच्या कामी पोपच्या आज्ञेने हिंदुस्थानात आला होता. १६६३ साली तो गोव्यात असता संत इग्नातियसच्या सणाच्या दिवशी जेसुइटांच्या मंदिरात त्याने सात गायकवृंदांचे एकत्र गान ऐकले. आपण रोममध्येच आहोत असा त्यास भास झाला. ही रचना सुप्रसिद्ध कारिस्सिमी ह्याची आहे, असे त्यास सांगण्यात आले. कारिस्सिमी हा रोममधील जेसुइटांच्या जर्मन विद्यालयाचा संगीतप्रमुख; त्या वेळी तो हयात होता. त्याची शैली पुनरुज्जीवनकाळाच्या पुढची खरी. परंतु अनेक वृंद समोरासमोर उभे करून गाण्याची रीत त्या जुन्या परंपरेतूनच निघाली होती. सेबास्तियानी पुढे लिहितो की, हे कानारी लोक, म्हणजे आपले गोमंतकीय, ह्या गायनात इतके निष्णात असतील असे आपणांस खरेच वाटले नसते. ख्रिस्ती लोकांचे असे एक गाव नाही की, ज्याच्या चर्चमध्ये ऑर्गन, हार्प, व्हायोल व चांगला गायकवृंद नाही. प्रवासी लोक कौतुकाच्या भरात अतिशयोक्ती करितात हे आम्ही जाणतो. तथापि रोमच्या संगीतात वाढलेल्या माणसाच्या कानास जे फसवू शकले, ते नुसते अनुकरण नव्हते.

ह्या प्रवाहाचा एक लहानसा फाटा उत्तरेस गेला आणि तो आपल्या वऱ्हाडापर्यंत येऊन पोहोचतो. अकबराचा एक सरदार हाजी हबीबुल्ला गोव्यास जाऊन तेथील अपूर्व वस्तू घेऊन आला. त्यांत एक ऑर्गन होता. आपल्या संगीत नाटकांतील पायपेटी नव्हे, तर भात्याने वारा भरून नळ्यांतून वाजणारे ते मोठे वाद्य. बदाऊनीसारख्या कर्मठ इतिहासकारानेही सृष्टीतील एक आश्चर्य म्हणून त्याचा उल्लेख केला आहे. १५८० साली गोव्याहून रुडोल्फ आक्वाव्हिव्हा, मोन्सेरात इत्यादी जेसुइट फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. अकबराने आपला दुसरा पुत्र मुराद ह्यास मोन्सेरातच्या हाती शिकावयास दिले. हाच शहाजादा मुराद पुढे वऱ्हाडचा सुभेदार होऊन आला. अकोला जिल्ह्यातील बाळापूरजवळ त्याने शहापूर वसविले आणि १५९९ साली मद्याच्या व्यसनाने दक्षिणेतच त्याचा अंत झाला. ज्याने बालपणी गोव्याच्या पाद्र्यांजवळ धडे घेतले, त्याचा वाडा मन आणि म्हैस नद्यांच्या प्रदेशात उभा राहिला! ते संगीत मात्र येथवर आले नाही. ते का आले नाही, हाच खरा प्रश्न आहे.

उत्तराचा एक भाग फादर स्टीफन्सच्या चरित्रात सापडतो. क्रिस्तपुराणाचा कर्ता म्हणून त्याचे नाव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. १५७५ साली रोममध्ये त्याने जेसुइट पंथाची दीक्षा घेतली आणि १५७९ साली तो गोव्यास पोहोचला. ज्या वर्षांत हा इंग्रज तरुण रोममध्ये शिकत होता, त्याच वर्षांत पालेस्त्रिना सेंट पीटरच्या मंदिरात गायकवृंदाचा प्रमुख होता. म्हणजे त्या काळच्या सर्वश्रेष्ठ चर्चसंगीताच्या माहेरघरातून हा गृहस्थ आपल्याकडे आला. परंतु मराठी भाषकांच्या अंतःकरणाशी बोलण्याची वेळ आली तेव्हा त्याने ते संगीत हाती धरिले नाही. त्याने ओवी धरिली. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या त्याच्या पुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. देवनागरी ठशांच्या अभावी त्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या, पण त्यांचा नाद ज्ञानोबा-एकनाथांच्या वाटेनेच चालतो. मिस्सा संपल्यावर हे पुराण चर्चमध्ये वाचले जाई. एकाच छपराखाली प्रथम लॅटिन समूहगान आणि त्यानंतर मराठी ओवी, असा हा प्रकार होता.

पण हे दोन प्रवाह एकत्र मिळाले नाहीत. मराठी शब्द आणि अनेकस्वरी रचना ह्यांचा संगम त्या काळी रुजला असता, तर मराठी संगीतास एक नवेच अंग फुटले असते. तसे न होण्यास केवळ स्वरशास्त्रातील भेद कारण नाहीत. लॅटिन ही उपासनेची भाषा, ती बदलावयाची नाही. आणि मराठी-कोकणी ही उपदेशाची भाषा, ती गरजेपुरती वापरावयाची, अशी उतरंड होती. उतरंडीतले खालचे मडके वरच्याशी बोलत नाही. पुढे तर खालच्या मडक्यासही धक्का बसला. १६८४ साली फर्मान निघाले की, स्थानिक लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. १७३६ च्या धर्मन्यायालयाच्या जाहीरनाम्याने लग्नसमारंभांत ओव्या म्हणण्यास बंदी केली. ज्या ओवीत फादर स्टीफन्सने ख्रिस्ताचे चरित्र गायिले, तीच ओवी नवरीला हळद लावताना आईने म्हणणे हा गुन्हा ठरला. ह्याहून अधिक काय सांगावे?

उत्तराचा दुसरा भाग आपल्या बाजूस आहे आणि तोही मोकळेपणाने सांगितला पाहिजे. १७३९ साली चिमाजी अप्पाने वसई जिंकली. वसईच्या चर्चमधील मोठमोठ्या घंटा मराठे सरदारांनी आणून आपल्या देवळांत टांगल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा सर्वांस ठाऊक आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरासही अशीच घंटा आहे. घंटा आल्या, गाणे आले नाही. धातूची वस्तू विजेत्याच्या गाड्यावर घालून नेता येते; चार कंठांचा मेळ असा नेता येत नाही. त्यास शाळा लागते, मेस्त्र लागतो, वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो, आणि मुख्य म्हणजे शत्रूच्या घरातील विद्याही शिकण्याजोगी असते अशी बुद्धी लागते. तोफा ओतण्याची विद्या शिकण्यासाठी आपल्या राज्यकर्त्यांनी फिरंग्यांस नोकरीस ठेविले. स्वरलिपीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. रणभूमीवर जे उपयोगी पडत नाही, ते धामधुमीच्या काळात कोणाच्या नजरेस पडावे?

१७५९ साली पोर्तुगालच्या आज्ञेने जेसुइट गोव्यातून हाकलले गेले. १८३५ साली उरलेले धर्मपंथही बंद झाले. रोगराईने ओसाड पडलेल्या जुन्या गोव्यात मठांच्या भिंती ढासळू लागल्या. संत ऑगस्टीनच्या भव्य मंदिराचे छत १८४२ साली कोसळले आणि १९३१ साली मनोऱ्याचा भागही पडला. दमट हवेने आणि वाळवीने स्वरलिपीच्या पोथ्या खाल्ल्या. परंतु विद्या पोथ्यांत राहत नाही, माणसांत राहते. गावोगावचे मेस्त्र मुलांना स्वर वाचावयास शिकवीतच राहिले. १९०३ साली पोप दहावे पायस ह्यांनी प्राचीन एकस्वरी गान व पालेस्त्रिनाची शैली ह्यांस चर्चसंगीताचा आदर्श म्हणून पुनश्च मान दिला. पुढे १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयाने देशी भाषांस उपासनेत प्रवेश मिळाला. गोवे त्यापूर्वी दोनच वर्षे मुक्त झाले होते. कोकणी भाषेस अखेर वेदीजवळ जागा मिळाली ही न्यायाची गोष्ट झाली. पण त्याबरोबर जुने लॅटिन समूहगान नित्याच्या उपासनेतून मागे पडले, हेही तितकेच खरे.

मेस्त्रांच्या शाळांतून तयार झालेले वादक पोटासाठी मुंबईस आले. बोलपट निघाल्यावर तेथील वाद्यवृंदांत त्यांनाच मागणी आली. कारण कागदावरील स्वर पाहून तत्काळ वाजविणारे दुसरे कोण होते? सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही नावे त्यांतलीच. गोन्साल्विसांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्या जोडीतील प्यारेलाल हे गोन्साल्विसांचे शिष्य. हिंदी गाण्यात मुख्य चालीच्या मागे व्हायोलिनांचा ताफा जी दुसरी चाल चालवितो, तिचे मूळ शोधीत गेल्यास ह्या गावशाळांपाशीही येऊन थांबावे लागते. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या बाजारात ज्यांनी ती गाणी ऐकली, त्यांनी आपल्या नकळत त्या जुन्या विद्येचा दूरचा प्रतिध्वनीच ऐकला. बाळापूरपर्यंत जे शहाजाद्याबरोबर आले नाही, ते तीनशे-साडेतीनशे वर्षांनी रेडिओवरून घराघरांत आले.

ह्या इतिहासाकडे पाहण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत. पोर्तुगिजांनी लादलेले ते परके गाणे, त्याच्याशी आपला संबंध काय, असे म्हणणे ही एक. आणि पूर्वेतील रोमचे केवढे हे वैभव, असे म्हणून जुलमाच्या बाजूने डोळे मिटणे ही दुसरी. आम्हांस दोन्ही अपुऱ्या वाटतात. शाळेचा खर्च देवळांच्या जमिनीतून निघाला, हे सत्य आहे. आणि त्या शाळेत शिकलेल्या मुलांनी ती विद्या स्वकष्टाने आपली केली, हेही सत्य आहे. पहिल्याचा जमाखर्च राज्यकर्त्यांच्या नावावर मांडावा, दुसऱ्याचे श्रेय गाणाऱ्यांस द्यावे. सात वृंदांत गाणाऱ्या त्या गोमंतकीयांची नावे सेबास्तियानीने लिहून ठेविली नाहीत. कारिस्सिमीचे नाव तेवढे त्याने लिहिले. संगीताच्या इतिहासात रचनाकाराचे नाव राहते आणि कंठाचे जाते. आपल्या मराठी संगीताचा इतिहास जो कोणी पुन्हा लिहील, त्याने ह्या निनावी कंठांस त्यात एक प्रकरण द्यावे, एवढीच आमची विनंती आहे. ते परक्यांचे प्रकरण ठरणार नाही.